उस्ताजांचं दुसरं पाकीट

गुरुवार, १० नोव्हेंबर २०११

हे मराठीतच लिहायचं, हे मी आधीच ठरवलंय. दुकानात अरबी सगळ्यांना वाचता येतं. इंग्लिश, उर्दू, मल्याळम कोणाला ना कोणाला येतंच. मराठी फक्त मला. इद्रीस मामू म्हसळ्याचे, पण उर्दू शाळेत शिकलेले. मी सहावीपर्यंत दापोलीला मराठी शाळेत होते. म्हणजे अजमानमध्ये बसून मी काहीही लिहू शकते आणि कागद टेबलावर उघडा ठेवू शकते. कागद पण फुकटचे आहेत, चुकलेले फॉर्म, मागून कोरे. मी फार चुकत नाही म्हणून साठायला वेळ लागतो.

मी सफा. वय सतरा. मामूच्या टायपिंग सेंटरमध्ये टायपिस्ट. लोकांचे सरकारी फॉर्म अरबीत भरून द्यायचे, व्हिसा, लेबर कार्ड, आणि सध्या एमिरेट्स आयडीची गर्दी. या रस्त्यावर चार टायपिंग सेंटरं आहेत आणि अरबीत माझ्यापेक्षा फास्ट कोणी नाही. तोंडाने हे मी कोणाला सांगणार नाही. तोंडाने मी काहीच सांगत नाही. कस्टमर मामूशी बोलतो, मी टाइप करते, स्क्रीन त्याच्याकडे फिरवते, बोटाने नाव दाखवते, तो मान हलवतो, प्रिंट. मामू विचारतात, जीभ कपाटात ठेवून येतेस का.

आज उस्ताज ममदूह आले. शारजाच्या शाळेत तीन वर्षं मला अरबी शिकवायचे. मी नववीनंतर शाळा सोडली, दोन हजार नऊला, अब्बांची दुबईतली कंपनी बंद पडली तेव्हा. एक वर्षासाठी म्हणून सोडली होती. नंतर अब्बांना उम्म अल कुवैनला ब्लॉकच्या फॅक्टरीत काम लागलं, आम्ही शारजाहून इथे आलो, आणि मी इथे बसले ती बसलेच. मला काही वाटत नाही. उस्ताजना मात्र मला काउंटरमागे बघून वाटलं काहीतरी. चष्मा काढून पुसत बसले.

त्यांचं काम वेगळंच होतं. इजिप्तमध्ये जानेवारीत लोक रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारीत तीस वर्षं बसलेला रईस, म्हणजे प्रेसिडेंट, गेला, ते आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आता तिथे इलेक्शन आहे, आणि पहिल्यांदाच बाहेर राहणाऱ्यांना पण मत देता येणार. वेबसाइटवर नाव नोंदवायचं, त्यांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या नंबरवर. घरी कॉम्प्युटर आहे, मामूंना म्हणाले, पण घरच्या कॉम्प्युटरवर माझा विश्वास नाही, तुझ्या टायपिस्टवर आहे.

मामूनी आधी बाहेर बघितलं, मग दरवाजा लोटला. या वर्षी सगळे जपूनच आहेत. मग म्हणाले, उस्ताज, सफाचे सर म्हणून करतो. बोर्डवर लिहिणार नाही की आम्ही हे काम करतो.

मी चार मिनिटांत नोंदणी केली. उस्ताज स्क्रीनकडे बघत राहिले. चोपन्न वर्षं वय आहे त्यांचं. म्हणाले, आधी पण मतदान असायचं, पण जायचं कशाला, कागद आधीच भरलेला असायचा, तुझ्यासारखं कोणीतरी फास्ट बसवलेलं असायचं.

मामू खूप हसले. मी पण, आतून.

सोमवार, १४ नोव्हेंबर

आज मामूचा ओरडा खाल्ला आणि चूक माझी होती. एका पठाणाचा फॉर्म मी शिक्का न मारता दिला. लेबर ऑफिसच्या खिडकीतून त्याला परत पाठवलं, परत रांग, तोपर्यंत खिडकी बंद. त्याचा अख्खा दिवस गेला. तो नुसता कागद काउंटरवर ठेवून उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आमचा शिक्का निळा, चौकोनी. दुकानाचं नाव, पी. ओ. बॉक्स, अजमान. मामूंचा नियम आहे की शिक्का मारल्याशिवाय दुकानातून कागद बाहेर जाणार नाही. तर आता मी असं करते. प्रिंटरमधून कागद निघाला की डाव्या हाताने उचलायचा, उजव्याने खालच्या कोपऱ्यात शिक्का, मग कस्टमरला. विचार करायचाच नाही. संध्याकाळपर्यंत हाताला सवय लागली. आता हा हात चुकणार नाही.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

उस्ताज नोंदणी पक्की झाली का बघायला आले. झालीय. ते दुम्यातचे, नाईल जिथे समुद्राला मिळते तिथले. फोनवर फोटो दाखवला. मला तर आमची दाभोळची खाडीच वाटली, फक्त होड्यांना रंग जास्त.

मामूनी विचारलं मत कोणाला देणार. मामूंना असं विचारायला काही वाटत नाही. उस्ताजनी पण सरळ सांगितलं. त्यांच्या गल्लीतले एक हाजी आहेत, लाकडाचे व्यापारी, गेलेल्या रईसच्या पार्टीत होते, आता वेगळ्या नावाने उभे आहेत. रस्ता केला, मशिदीला पाणी आणलं. मामू म्हणाले बरोबर आहे, अनुभवी माणूस पाहिजे, नव्या पोरांना काय कळतं.

तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, युम्ना. कैरोला शिकते, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. रईस जाईपर्यंत अठरा दिवस कैरोच्या चौकात बसून होती. मिसरी, म्हणजे इजिप्तचं, अरबी भरभर बोललं की मला सगळं कळत नाही, पण एवढं कळलं की तिचं पण इलेक्शनवरच चाललं होतं, जुनीच माणसं निवडायची तर आम्ही कशाला बसलो होतो थंडीत. उस्ताज म्हणाले, मी तुझा बाप आहे. तिकडून फोन ठेवला. त्यांनी फोन कानाला तसाच धरला थोडा वेळ, जसं काय अजून बोलणं चालू आहे.

रविवार, २० नोव्हेंबर

कैरोत परत मारामारी. कालपासून. टीव्हीवर धूर, अश्रुधुराचा. इलेक्शन होणार की नाही तेच माहीत नाही म्हणतात. अम्मी म्हणाली त्या सरांची मुलगी तिथेच असेल ना, आणि डाळ ढवळायची थांबली.

जेवताना अब्बांना विचारलं की तुम्ही कधी मत दिलंय का. अब्बा म्हणाले, एक्क्याण्णव सालापासून इथे आहे, सुट्टी आणि इलेक्शन कधी जुळलंच नाही. एकदा जुळलं होतं, तेव्हा यादीत नाव सापडलं नाही. मग म्हणाले, तू का विचारतेस. मी म्हटलं असंच. अम्मी म्हणाली, बाई गं, आज ही जेवताना एक अख्खं वाक्य बोलली.

बुधवार, २३ नोव्हेंबर

आजपासून शनिवारपर्यंत बाहेरच्यांचं मतदान. उस्ताज शाळेतून सरळ आले, संध्याकाळी चार वाजता, आम्ही दुपारनंतर शटर वर करतच होतो. इस्त्रीचा शर्ट. दोन पाकिटं घरून आणली होती, एकात एक घालायची. आतल्यात मताचे कागद, बाहेरच्यात सही केलेलं पत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स.

साइट उघडायला वेळ लागला, मग उघडली. दोन कागद प्रिंट केले, एक पार्ट्यांचा, एक माणसांचा, आणि ते पत्र. धडाधड उचलून दिले. उस्ताज कोपऱ्यातल्या टेबलावर आमच्याकडे पाठ करून बसले. दोन मिनिटं. घडी घातली, पाकिटात घातलं, जिभेने चिकटवलं, वरून टेप पण लावली. मामूनी चहा मागवला.

पोस्टाने पाठवणार नाही म्हणाले, शनिवारी स्वतः दुबईला कॉन्सुलेटमध्ये जाऊन हाताने देणार. चोपन्न वर्षं थांबलो, मध्ये पोस्टमन कशाला.

जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, शुक्रन, बिंती, म्हणजे थँक्यू, बेटी. युम्ना फोन घेत नाहीये त्यांचा.

आजचा दिवस चांगला गेला. मी कोणाच्या तरी इलेक्शनमध्ये काम केलं. चूक एक पण नाही.

गुरुवार, २४ नोव्हेंबर, दुपारी

दुकान एक ते चार बंद असतं. मामू आतल्या खोलीत झोपलेत. मी काउंटरखाली बसून लिहितेय, का माहीत नाही, वर बसवत नाही.

सकाळी एक दुसरा मिसरी आला, एसी मेकॅनिक, उस्ताजनी पाठवलेला. त्याचे पण कागद प्रिंट केले. पहिला कागद डाव्या हाताने उचलला, उजवा हात शिक्क्यासकट खाली चालला होता, आणि त्याने माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे हवेतच अडवलं, लगेच सोडलं, माफी मागितली. मग कागदावर बोट ठेवून हळूहळू सांगितलं, लहान मुलांना सांगतात तसं. यावर काही खूण नको. सही नको, नाव नको, शिक्का नको. खूण असेल तर मत बाद.

मी मान हलवली. त्याचे कागद कोरे दिले. तो गेला.

मग मला काल आठवला. डावा हात, उजवा हात. आठवायचं तरी काय, ते आठवतच नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. हात चुकणार नाही असं मी इथेच लिहिलंय, वर, सोमवारी.

खात्री करायची म्हणून काल उस्ताजच्या प्रिंटबरोबर प्रिंटरने वाया घालवलेले कागद काढले. एकावर माझ्या अंगठ्याचा ताजा निळा ठसा आहे. काल त्या वेळेला दुसरं कोणी कस्टमरच नव्हतं, म्हणजे शिक्का त्यांच्याच कागदांवर.

त्या पाकिटात उस्ताजचं मत आहे आणि त्याच्या खाली लिहिलंय, टायपिंग सेंटर, अजमान.

मामूंना उठवून सांगितलं. बसून डोळे चोळत ऐकलं त्यांनी सगळं. मग म्हणाले, "सफा, ऐक. तिकडे हजारो पाकिटं येणार. एक कागद बाजूला पडेल. त्यांना कळणार नाय, कोणालाच कळणार नाय. माणूस खुश होऊन गेलाय, तर राहू दे खुश."

मग खरं ते बोलले. शिक्क्यावर आपलं नाव आहे, उद्या कोणी विचारलं की अजमानचं टायपिंग सेंटर मिसरच्या इलेक्शनमध्ये काय करतंय, तर मी काय सांगू. आपण इथे पोट भरायला आलोय. खलास. आणि कूस बदलली.

मामू वाईट नाहीत. नाव त्यांचं आहे, भीती पण त्यांनाच वाटणार.

पण मी विचार केला. स्क्रीनवर लाल एरर दिसत असताना सबमिट दाबायचं नाही, हे मला मामूनीच पहिल्या दिवशी शिकवलं. पाकीट शनिवारी जाणार. म्हणजे अजून सबमिट झालेलं नाही. आणि ही एरर फक्त मला दिसतेय.

सांगायला हवं. पण सांगायचं म्हणजे बोलायचं. फोनवर. एका सरांशी. फोनवर मी आजपर्यंत फक्त दापोलीच्या नानीशी बोललेय, आणि तिला ऐकू येत नाही.

गुरुवार, तेच, साडेपाच

झालं.

मी असं केलं. वर्ड उघडलं आणि अरबीत सगळं टाइप केलं, पहिल्या सलामपासून. अस्सलामु अलैकुम, उस्ताज. मी सफा, टायपिंग सेंटरमधून. काल मी तुमच्या मताच्या कागदांवर चुकून दुकानाचा शिक्का मारला. शिक्का असला तर मत बाद होतं. चूक माझी आहे. पाकीट देऊ नका. आम्ही नवीन कागद काढून देऊ. फॉन्ट अठराचा केला, म्हणजे घाबरले तरी वाचता येईल. मग फोन लावला आणि स्क्रीनवरून वाचलं. शेवटच्या फुलस्टॉपपर्यंत एकदा पण श्वास घेतला नाही.

मला वाटलं लाइन कट झाली. वाचायला पुढे काही नव्हतं.

मग ते म्हणाले, "अगं सफा. तीन वर्षं माझ्या वर्गात बसलीस. आज पहिल्यांदा तुझा आवाज ऐकतोय."

आणि म्हणाले पाकीट घरीच आहे, कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली. उद्या येतो.

फोन ठेवल्यावर कळलं की उद्या शुक्रवार. दुकान बंद. मामू मागे उभे होते, कधीपासून ते माहीत नाही. त्यांना सगळं अरबी कळतं. मी म्हटलं, "मामू, उद्या चावी द्या."

मोठ्याने म्हटलं. मामूंना पण धक्का बसला असेल, कारण त्यांनी लगेच काढून दिली. मग आठवण झाल्यासारखं म्हणाले, चावी देतो म्हणजे मी येतो, मुलीला एकटीला थोडीच पाठवणार. आणि शिक्का मी घरी घेऊन जातोय. खरंच घेऊन गेले, खिशात, स्टॅम्प पॅडसकट. कुर्त्याला डाग पडणार, आणि जुलेखा मामी त्यांना सोडणार नाही.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

जुम्याच्या नमाजनंतर शटर अर्धंच वर केलं. अब्बा पण आले, बघायला की ही मुलगी कुठे चालली. एसी चालू केला तरी दुकान तापलेलं. रस्त्यावर नॅशनल डेच्या झेंड्यांच्या माळा लागल्यात, चाळिसावा आहे यंदा, एक माळ आमच्या बोर्डला पण बांधून गेलेत.

उस्ताज आले तेव्हा परवाच्याच कपड्यात होते. डोळे लाल. मला वाटलं माझ्यावर रागावलेत. मामूनी विचारलं तेव्हा म्हणाले, युम्ना सापडली, बरी आहे. तिच्या मैत्रिणीच्या डोळ्याला लागलंय, छर्रा. युम्ना हॉस्पिटलात तिच्याजवळ बसलीय, चार दिवस. म्हणून फोन घेत नव्हती. तुमच्यावर चिडून नाही, मामू म्हणाले. उस्ताज म्हणाले, चिडून पण.

साइट बंद. सगळे मिसरी आजच बसले असणार. मी रिफ्रेश करत बसले. अर्धा तास, पाऊण तास. अब्बा पहिल्यांदाच माझ्या मागे उभे राहून मला काम करताना बघत होते. म्हणाले, हिचे हात बघा. उस्ताज म्हणाले, हात मला माहीत आहेत, वहीतल्या अक्षरावरून. मग अब्बांकडे वळून हळूच काहीतरी म्हणाले, मोडक्या हिंदीत, दहावी हा एवढाच शब्द मला ऐकू आला कारण त्याच वेळी पान उघडलं. मी नंबर टाकला. प्रिंट.

कागद आले. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसले. उस्ताजनाच म्हटलं, तुम्हीच उचला.

ते परत कोपऱ्यात बसले, पाठ करून. या वेळी किती वेळ लागला. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं मी, अठ्ठावीस मिनिटं. परवा दोन मिनिटांत झालं होतं. तेच कागद, तीच नावं, मग वेळ का लागावा. एकदा पेन खाली ठेवलं, फोन काढून काहीतरी बघितलं, परत पेन घेतलं. बहुतेक आज चष्मा बरोबर आणला नव्हता. मामू दोनदा बोलायला गेले, मी बोट ओठांवर ठेवलं. मी, मामूंना.

मग घडी, पाकीट, टेप. जुनं पाकीट त्यांनी आमच्यासमोर फाडलं, कागद बाहेर न काढताच बारीक बारीक केलं आणि तुकडे खिशात टाकले. एका तुकड्यावर निळं दिसलं मला. एवढंच.

रविवार, २७ नोव्हेंबर

उस्ताजनी काल पाकीट दिलं. स्वतः. शारजाच्या जाममध्ये दोन तास अडकले, गाडीत शेजारच्या सीटवर पाकीट, त्याला सीटबेल्ट लावला होता म्हणे. मामूंना फोन करून सांगितलं. मग म्हणाले सफाला द्या. मी घेतला. स्क्रीनवर काही टाइप केलेलं नव्हतं. मी म्हटलं मबरूक, अभिनंदन. ते म्हणाले अल्लाह यबारिक फीकी, अल्लाह तुला बरकत देवो. झालं, एवढंच, पण दोन्ही बाजूंनी झालं.

रविवार, ४ डिसेंबर

उस्ताज बसबूसाचा, त्यांच्याकडच्या रव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन आले. दुम्यातची मोजणी अजून पुरती संपलेली नाही. त्यांच्या गल्लीतल्या हाजींचं काय झालं असं मामूनी विचारलं, तर उस्ताज म्हणाले, हाजींचं त्यांच्यापाशी, आणि डबा पुढे केला. मला वाटतं हरत असतील, म्हणून बोलायचं नसेल. पण तोंडावर दुःख काही नव्हतं. उलट बोलत होते. युम्ना रोज फोन करते आता, स्वतःहून, कधीकधी दोनदा. मैत्रिणीचा डोळा गेला, पण दुसऱ्या फेरीला दोघी रांगेत उभ्या राहणार म्हणतात.

निघताना काउंटरवर थांबले आणि म्हणाले, "सफा, त्या शिक्क्याबद्दल शुक्रन. दुसरा कागद मिळाला."

मी माफी मागायला तोंड उघडलं, कारण टोमणा मारला असंच वाटलं मला. पण ते हसत नव्हते. थट्टा करताना उस्ताज हसतात, मला माहीत आहे. काय म्हणायचं होतं त्यांना, विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी विचारीन. विचारता येतं मला आता.

जाताना एक फॉर्म पण ठेवून गेले. दहावीच्या बाहेरून परीक्षेचा, ओपन स्कूलचा. अब्बांशी बोलणं झालंय म्हणाले. अब्बा आठवडाभर त्यावर काही बोलले नाहीत, पण काल त्यांनी माझा पासपोर्ट आणि दोन फोटो कपाटातून काढून टीव्हीवर ठेवलेत. आमच्याकडे याचा अर्थ हो असा होतो.

फॉर्म मीच भरला. कस्टमर पण मी, टायपिस्ट पण मी. तीन मिनिटं.

मामूनी शिक्का परत आणलाय, कुर्त्यावर निळा डाग पण आहे. त्यांचा नियम तोच, मी त्यात थोडा बदल केलाय. कागद निघाला की डाव्या हाताने उचलायचा, उजव्या हातात शिक्का घ्यायचा, आणि थांबायचं. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि विचारायचं, शिक्का मारू का. अरबीत, हिंदीत, इंग्लिशमध्ये, ज्याला जे कळेल त्यात. आज एकेचाळीस वेळा विचारलं. चाळीस जण हो म्हणाले. एक म्हातारा बलुची म्हणाला, नको, आणि का नको ते दहा मिनिटं सांगत बसला, आणि मी ऐकलं.

मामू म्हणतात पूर्वी गप्प होतीस तेच बरं होतं, रांग भराभर हलायची.